हात आखडता घेणाऱ्या बायका

लिफ्टमध्ये ऐकलेलं एक वाक्य गेले काही दिवस डोक्यातून जात नाहीये. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका एकटेच राहतात. काकू गेल्या, आणि त्यानंतर वरच्या मजल्यावरची शेजारीण त्यांना रोज दुपारचा डबा द्यायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, काकांनीही मागितलं नव्हतं. पोळ्या, भाजी, वरणभात, कधी वाटीभर कोशिंबीर. स्टीलचा उभा डबा, त्याची एक कडी जरा सैल, म्हणून वर फडक्याची गाठ. जिन्यात ती समोरून आली की आधी वरणाच्या फोडणीचा वास यायचा आणि मग ती दिसायची. बरेच महिने हे चाललं. मग थांबलं. का थांबलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काकांनी बाहेरून डबा लावला. परवा लिफ्टमध्ये, ती नसताना, विषय निघाला आणि एक बाई म्हणाल्या, "शेवटपर्यंत जमणार नव्हतं, तर सुरू तरी कशाला केलं?" दोघातिघांनी माना डोलावल्या. चौथा मजला आला, दार उघडलं, सगळे आपापल्या घरी गेले.

त्या बाईंच्या घरून काकांकडे कधी आमटीची वाटी गेल्याचं निदान मी तरी पाहिलेलं नाही. पण मला ते वाक्य खटकलं ते तेवढ्यासाठीच नाही. ते मी आधी वाचलेलं होतं. चिनी भाषेत, आणि एका राजाच्या तोंडी.

पुण्यात चिनी शिकायला लागले तेव्हा सगळ्यात जास्त गोडी लागली ती छंग्यूंची, म्हणजे चिनी म्हणी-वाक्प्रचारांची. बहुतेक चारच अक्षरं, पण प्रत्येकाच्या पोटात एखादी गोष्ट दडलेली असते. गोष्ट माहीत नसेल तर चार अक्षरं नुसती दगडासारखी पडून राहतात. देण्याघेण्याबद्दलचे छंग्यू तर ढिगाने आहेत. बर्फात कोळसा पाठवणे, म्हणजे नडीच्या वेळी धावून जाणे. सन 993 मध्ये कडाक्याची थंडी पडली, बर्फ झालं, तेव्हा सोंग घराण्याच्या सम्राट थायचोंगने एकट्या म्हाताऱ्यांना आणि गोरगरिबांना पैसे, तांदूळ आणि कोळसा वाटला, अशी नोंद त्या घराण्याच्या इतिहासात आहे आणि या छंग्यूची गोष्ट म्हणून तीच सांगतात. दुसरी एक गोष्ट च्वांगझी या तत्त्वज्ञाच्या नावावरच्या ग्रंथातली. चाकोरीतल्या चिखलात अडकलेला मासा वाटसरूकडे घोटभर पाणी मागतो. वाटसरू म्हणतो, थांब हं, मी दक्षिणेच्या राजांना भेटतो आणि अख्खी नदीच तुझ्याकडे वळवून आणतो. मासा म्हणतो, मग मला सुक्या मासळीच्या दुकानातच शोध. या गोष्टी वर्गात वाचताना मजा यायची. पण आता मागे वळून बघताना जाणवतं, की यातलं देणं सगळं एकदाच देण्याचं आहे. एक हिवाळा, एक घोट. एकदा दिलेल्याची म्हण होते. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात ना, तसंच रोज वाढणारीची म्हण कोण करतो!

एका म्हणीत मात्र रोज वाढणारी एक बाई आहे, म्हणजे म्हणीत नाही, म्हणीच्या गोष्टीत आहे. तीही कडेला, आणि बदनाम होऊन.

तो छंग्यू आहे 'ई फान छ्येन चिन'. एक जेवण, हजार सुवर्ण. उपकाराची भरघोस परतफेड करणाऱ्याबद्दल तो आजही वापरतात. गोष्ट सिमा छ्येनने इसवी सनापूर्वी 100 च्या सुमारास लिहिलेल्या इतिहासात आहे आणि तिचा नायक आहे हान शिन. पुढे हान साम्राज्य ज्याच्या तलवारीवर उभं राहिलं तो हा सेनापती तरुणपणी ह्वाईयिन गावात अक्षरशः लोकांच्या दारी जेवून दिवस काढत होता. नोकरीला कुणी उभं करेना, धंदा जमेना. लोक त्याला कंटाळले होते, हे सिमा छ्येन स्वतःच लिहितो. त्यातल्या त्यात नानछांग नावाच्या चौकीचा एक ठाणेदार होता, त्याच्याकडे हा जेवायला जायचा. एकदोन दिवस नाही, काही महिने. मग ठाणेदाराच्या बायकोला ते सोसेना. तिने काय करावं? ती पहाटे उठून स्वयंपाक करायला लागली आणि अंथरुणातच बसून घरच्यांची जेवणं उरकायला लागली. नेहमीच्या वेळेला हान शिन येऊन बसला, तर चूल गार. तो काय ते समजला, चिडला आणि तिथून जो उठला तो पुन्हा त्या घरी गेला नाही.

सिमा छ्येनने हे सगळं चार शब्दांत आटोपलंय, तरी ते घर माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. बाहेर अंधार, थंडी, नवरा अर्धवट झोपेत, आणि पांघरुणात बसून वाडग्यातलं गरम काहीतरी घाईघाईने खाणारी माणसं. चोरासारखी. आपल्याच घरात, आपलंच अन्न. "उद्यापासून येऊ नको" असं त्या बाईला तोंडावर म्हणता आलं नाही, हे मला फार ओळखीचं वाटतं. म्हणता येतच नाही. नवऱ्याने आणलेला माणूस, नवरा चौकीवरचा, त्याचा मान सांभाळायचा. नाही म्हणायचा हक्क नसला की माणूस घड्याळ बदलतो. आपल्याकडेही दिवे घालवून बसणारी, कडी लावून जेवणारी माणसं काही कमी नाहीत. पाहुण्याच्या तिसऱ्या दिवसावर आपण म्हणसुद्धा करून ठेवली आहे. हिच्याकडे तर पाहुणा महिनोन्‌महिने होता.

पुढे हान शिन गावाबाहेर नदीकाठी गळ टाकून बसू लागला. तिथे बायका सूत की कापड धूत असत. त्यातल्या एकीने याचा उपाशी चेहरा पाहिला आणि आपल्या जेवणातलं त्याला दिलं. धुण्याचं काम संपेपर्यंत, काही आठवडे, ती त्याला रोज जेवू घालत राहिली. हान शिनला भरून आलं. म्हणाला, "आई, मी एक दिवस तुमची मोठी परतफेड करीन." आणि बाई भडकली. म्हणाली, "धडधाकट पुरुष असून तुला स्वतःचं पोट भरता येत नाही. दया आली म्हणून वाढलं. परतफेडीची आशा धरून वाढलं होय?"

तिचा राग मला फार आवडतो. उपकार फेडीन म्हणणाऱ्याला वाटतं, आपण किती कृतज्ञ! पण त्या एका वाक्याने तिचं जेवण कर्जखात्यात गेलं. आत्तापर्यंत ती नदीकाठी शेजारी बसलेल्या एका पोराला भाकरतुकडा देत होती, आता एकदम सावकार झाली. शिवाय त्या बोलण्यात थोडी बढाईही आहे. आज तुझ्याकडून घेतोय खरा, पण मी कोण होणार आहे ते तुला माहीत नाही! बाईने ती बढाई जिथल्या तिथे ठेचली. नदीकाठी, ओल्या हातांनी.

पण तिचं ऐकलं कुणी? इसवी सनापूर्वी 202 मध्ये हान शिन छू प्रांताचा राजा होऊन आपल्या मुलखात परत आला. पहिलं काम काय केलं, तर जुने हिशेब काढले. धुणाऱ्या बाईला बोलावून हजार सुवर्ण दिलं. ज्या खाटकाच्या पोराने भर बाजारात त्याला आपल्या तंगड्यांमधून रांगायला लावलं होतं, त्याला सैन्यात अधिकारी नेमलं. आणि ठाणेदाराला बोलावून शंभर नाणी हातावर टेकवली. वर म्हणाला, "तू क्षुद्र माणूस आहेस. चांगुलपणा केलास, पण शेवटाला नेला नाहीस."

लिफ्टमध्ये ऐकलं ते हेच.

वर्गात ही गोष्ट शिकवली गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी राजाचीच बाजू घेतली होती. धुणारी थोर, ठाणेदाराची बायको कद्रू. आज तोच उतारा काढून बघते तर हिशेब उलटा दिसतो. धुणारीने जेवू घातलं काही आठवडे, हिने काही महिने. धुणारीचं काम संपलं तसं तिचं वाढणंही संपलं. सिमा छ्येनने तसंच लिहिलंय. म्हणजे शेवट तिच्याही वाढण्याला होताच, फक्त तो कापडाच्या ढिगाबरोबर आपोआप आला. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाची चूल गार सापडली नाही. हिच्या वाढण्याला मात्र शेवट ठरलेलाच नव्हता. तो तिला स्वतः करावा लागला, आणि बदनामी झाली ती त्याचीच. तंगड्यांमधून रांगायला लावणारा अधिकारी झाला, आणि महिनोन्‌महिने खाऊ घातलेल्या घराला शंभर नाणी नि एक शिवी! खाटकाच्या पोराने एकदाच अपमान केला होता, तो पुरुषी मोठेपणा दाखवून पोटात घालता आला. गार चूल पोटात घालता आली नाही.

गंमत म्हणजे त्याच काळात अशीच दुसरी एक बाई होऊन गेली, आणि तिच्यावर डूख धरणारा होता खुद्द हान शिनचा धनी, सम्राट ल्यू बांग. हाही मूळचा एका चौकीचा ठाणेदारच. उमेदवारीच्या काळात तो मित्रांचं टोळकं घेऊन थोरल्या वहिनीकडे जेवायला जायचा. थोरला भाऊ लवकर वारला होता, म्हणजे वहिनी विधवा, पदरात मुलगा, आणि वर दिराचे हे दोस्त. एकदा ते आलेले पाहून तिने रस्सा संपल्याचं सोंग केलं. भांड्याचा तळ खरवडायला लागली, खर्र खर्र, बाहेर ऐकू जाईल असा. मित्र निघून गेले. ल्यू बांगने मागाहून भांड्यात डोकावलं तर रस्सा होता. तो हे कधीच विसरला नाही. सम्राट झाल्यावर भाऊबंदांना जहागिऱ्या दिल्या, हिच्या मुलाला वगळलं. म्हाताऱ्या वडिलांनी रदबदली केली तेव्हा म्हणाला, विसरलो नाही, त्याची आईच वागायला बरी नव्हती. शेवटी पुतण्याला सरदारकी दिली खरी, पण किताब असा निवडला की त्यातून खरवडलेल्या रश्श्याची आठवण निघावी. पोरगा जन्मभर आईची डाव नावात घेऊन फिरला. साम्राज्य मिळालं, पण रस्सा गेला नाही मनातून! हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. नंतर वाटलं, त्या विधवेने त्याआधी किती वेळा रस्सा वाढला असेल, ते मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही.

या दोघींवरून मला आजीची आठवण होते. आजीचं माहेर वाईचं. तिच्या लहानपणी त्यांच्याकडे वार लावून जेवणारी मुलं येत. आडगावातून शिकायला आलेली, कुणाचं कुणी नसलेली. एका घरी सोमवार, दुसऱ्या घरी मंगळवार, असं करत आठवडा भरायचा. आजीच्या घरी मंगळवारचा एक मुलगा होता. पंचा नेसून पंगतीच्या शेवटच्या पाटावर बसायचा, मान खाली, ताक मात्र दोनदा मागून घ्यायचा. त्याचं नाव आजीला शेवटपर्यंत आठवलं नाही. ती त्याला 'मंगळवारचा' एवढंच म्हणायची. पुढे तो कुठेतरी मामलेदार की काय झाला म्हणे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. मिळेल त्या घरचं मिळेल ते खायचं, एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास, आणि काही घरांत वाढताना ऐकवलेले शब्द मुलांना जन्मभर पुरत. शिवाय वार कबूल करणार घरातला पुरुष आणि रांधणार बाई, हे ठाणेदाराच्या घरासारखंच. पण एक शहाणपण त्यात होतं. सात घरं होती. कुठल्याही एका बाईला पहाटे उठून अंथरुणात जेवायची वेळ येत नव्हती. हान शिनला ह्वाईयिनमध्ये सात घरं मिळाली असती, तर कदाचित ही गोष्ट घडलीच नसती, आणि चिनी भाषेत एक छंग्यू कमी झाला असता.

आमच्या इमारतीत सातापेक्षा कितीतरी जास्त घरं आहेत.

न थकणाऱ्या बाईचं काय होतं तेही चिनी इतिहासात आहे. सुरू केलेलं अर्ध्यात सोडू नये, हे सांगायला चिनी शाळांमधून युए यांगझीच्या बायकोची गोष्ट सांगतात. तिचं स्वतःचं नाव नोंदवलेलं नाही. पाचव्या शतकातल्या फान ये याने लिहिलेल्या इतिहासात, थोर स्त्रियांच्या प्रकरणात, ती नवऱ्याच्या नावानेच येते. नवऱ्याला वाटेत सोनं सापडतं, तो घरी आणतो, तर ही म्हणते की स्वाभिमानी माणूस हडतहुडूत करून दिलेलं अन्न शिवत नाही, आणि तुम्ही वाटेवरचं सोनं उचलता? तो लाजून सोनं टाकून येतो आणि दूर देशी शिकायला जातो. वर्षाने परत येतो. का आलात? तर घरची आठवण आली म्हणून. बाई सुरी घेऊन आपल्या विणायच्या मागापाशी जाते आणि म्हणते, धाग्याला धागा जोडून बोटभर कापड होतं, बोटाला बोट जोडून ठाण होतं. आता हे मध्येच कापलं तर सगळे दिवस पाण्यात. तुमचं शिक्षणही तसंच. नवरा जातो तो सात वर्षं घरी फिरकत नाही.

शाळेत गोष्ट इथे थांबते. पुढचं पान फारसं कुणी वाचत नाही. त्या सात वर्षांत ही बाई राबून सासूला पोसत होती आणि वर दूरदेशी नवऱ्यालाही शिधा पाठवत होती. एकदा शेजारणीची कोंबडी अंगणात शिरली, ती सासूने मारून रांधली. ही जेवेना, नुसती रडत बसली. म्हणाली, आपल्या गरिबीमुळे ताटात परक्याचं मांस आलं. सासूने ते टाकून दिलं. पुढे घरात दरोडेखोर शिरला, मला वश हो नाहीतर सासूला मारतो म्हणाला, तेव्हा तिने आपल्याच हाताने गळा चिरून घेतला. मग सरकारने दखल घेतली. सुभेदाराने तिच्या अंत्यविधीसाठी रेशमी कापड दिलं आणि सतीत्वाचा किताब दिला. जन्मभर मागावर बसलेल्या बाईला मेल्यावर कापड!

म्हणजे बघा, थकली तर शंभर नाणी, नाही थकली तर रेशमात गुंडाळून पुरणार. मधली वाट काय? सुरूच करायचं नाही, ही एक आहे, लिफ्टमधल्या बाईंनी सुचवलेली. तिलाही चिनी भाषेत जागा आहे, पण शिवी म्हणून. यांग चू नावाचा तत्त्वज्ञ म्हणे जगाचं भलं होणार असलं तरी अंगावरचा एक केस उपटून द्यायला तयार नव्हता. निदान मेन्शियस या दुसऱ्या तत्त्वज्ञाने त्याच्याबद्दल तसं लिहून ठेवलंय, आणि विरोधकाने लिहिलेलं किती खरं मानायचं हा प्रश्नच आहे. एक केस न उपटणारा, म्हणजे कवडीचुंबक. 2012 मध्ये शांघायच्या एका पहिलीतल्या मुलाची उत्तरपत्रिका चीनभर इंटरनेटवर गाजली होती. खोंग रोंगने चार वर्षांचा असताना मोठी नासपती भावांना दिली आणि स्वतः लहान घेतली, ही तिथली बाळबोध गोष्ट. प्रश्न होता, तू खोंग रोंग असतास तर काय केलं असतंस? मुलाने लिहिलं, मी नसती दिली. बाईंनी फुली मारली. प्रश्न मुलालाच विचारलेला, उत्तर मात्र आधीच ठरलेलं. मला ते पोर आवडलं. त्याने निदान आधीच सांगून टाकलं, पहाटे उठून लपूनछपून नासपती खाल्ली नाही.

हान शिनचं पुढे काय झालं ते चिनी माणसाला सांगावं लागत नाही. तो सत्तेच्या शिखरावर असताना ख्वाई थोंग नावाच्या सल्लागाराने त्याला सांगितलं, ल्यू बांगला सोड, स्वतंत्र हो, नाहीतर हाच तुला संपवेल. हान शिन म्हणाला, त्याने मला आपल्या रथात बसवलं, आपले कपडे घातले, आपल्या ताटातलं खाऊ घातलं. ज्याचं अन्न खातो त्याच्यासाठी मरावं, असं मी ऐकलं आहे. खाल्ल्या मिठाला जागला, आपण म्हणू. इसवी सनापूर्वी 196 मध्ये ल्यू बांगच्या राणीने त्याला राजवाड्यात फसवून बोलावलं आणि तिथेच त्याचा शिरच्छेद करवला. या माणसाच्या आयुष्याचा पाढा जेवणांवरच बसवलेला दिसतो. कुणी कधी किती दिलं, कुणी कधी बंद केलं. आणि या सगळ्या खतावणीत ज्याने त्याला भरपूर वाढलं त्याच्याच घरात तो मेला.

ह्वाईयिन म्हणजे आजच्या ह्वाई-आनमध्ये धुणाऱ्या बाईचं देऊळ आहे. तिने नको म्हटलेली परतफेड अशी तिला अजून चुकवावी लागते आहे. ठाणेदाराच्या बायकोसाठी कुणी देऊळ बांधलेलं नाही, ते ठीकच आहे. तिला ते आवडलंही नसतं, आणखी माणसं जेवायला आली असती. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. नवरा राजदरबारातून घरी परतला, शिवी खाऊन, तोंड पाडून, आणि शंभर नाणी त्याने समोर ठेवली, तेव्हा ती काय म्हणाली असेल? सिमा छ्येनने ते लिहिलेलं नाही. मी तिच्या जागी असते तर आधी ती मोजून घेतली असती.